ठाण्यातल्या व्हिसा एजंट मंडळींना खुलं पत्र : फॉर्म आमचा आहे, तो आम्हाला वाचू द्या

नमस्कार,

गोखले रोड, राम मारुती रोड, पाचपाखाडी, खोपट, घोडबंदर, जिथे जिथे "पासपोर्ट, व्हिसा, एअर टिकेट" अशी पाटी लावून तुम्ही बसला आहात त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. कोणा एकाचं नाव मी घेणार नाही, कारण गेल्या दोन महिन्यांत ज्याच्याशी बोलले त्याने मला एजंटने फॉर्म न दाखवताच भरल्याचा एखादा किस्सा सांगितला आणि प्रत्येकाचा एजंट वेगळा होता. त्यामुळे ही एका दुकानाची गोष्ट राहिलेली नाही, ही आपल्याकडची पद्धतच झालीय, आणि ती बदला एवढंच मला म्हणायचंय.

माझी आई ६८ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून रिटायर झाली. धाकटी बहीण जर्मनीत असते, तिचं पहिलं बाळंतपण होतं, आणि आईने जायचं हे सहाव्या महिन्यातच ठरलं होतं. बहिणीने तिकडे सगळं नीट केलं. तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट घेतली, पगाराच्या स्लिपा दाखवल्या, २९ युरो भरले आणि आईच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा सगळा खर्च मी करीन असं सरकारी कागदावर लिहून दिलं. त्या पत्राला जर्मनमध्ये भलंमोठं नाव आहे, आपण त्याला स्पॉन्सरशिप लेटर म्हणू. ओरिजिनल लागतं म्हणून तिने ते कुरिअरने ठाण्याला पाठवलं. मी ते, आमंत्रणाचं पत्र, तिच्या रेसिडन्स परमिटची कॉपी, आईची पेन्शनची कागदं असं सगळं एका फाईलमध्ये लावून एजंटकडे नेऊन दिलं. मला ऑफिसातून वेळ होत नव्हता, आईला इंग्लिश फॉर्मची भीती वाटते, आणि कोणीतरी जाणकार माणूस करेल तर बरं म्हणून दिलं. यात आमचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

व्हिसा नाकारला गेला. पासपोर्टसोबत तो छापील कागद आला, ज्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या कारणासमोर फुली मारलेली असते. आमच्या कागदावर दोन फुल्या होत्या. एक, प्रवासाचा हेतू आणि राहण्याची व्यवस्था याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. दुसरी, मुदत संपायच्या आत परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे. आईने तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला विचारलं, "विश्वासार्ह नाही म्हणजे मी खोटं बोलले असं म्हणतायत का गं ते?" ३४ वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेल्या बाईला हा प्रश्न विचारावा लागला. मला उत्तर देता येईना, कारण फॉर्ममध्ये नक्की काय लिहिलंय हे मलाच माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी तो वाचलेलाच नव्हता.

मग मी भरलेल्या फॉर्मची कॉपी मागितली. पहिल्यांदा "ती आम्ही क्लायंटला देत नाही" असं ऐकायला मिळालं, मग चार दिवस फोन केल्यावर व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि आई ती लॅपटॉपवर बघत बसलो. प्रवासाचा हेतू : टुरिझम. राहण्याचं ठिकाण : म्युनिकमधलं एक हॉटेल, १४ रात्री. म्युनिक! माझी बहीण तिथून दोन अडीच तासांवर राहते आणि त्या हॉटेलचं नाव आम्ही त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. त्याच फॉर्ममध्ये "नातेवाईक किंवा मित्रांना भेटणे" असा वेगळा पर्याय आहे, आमंत्रण देणाऱ्या माणसाचं नाव पत्ता लिहायला वेगळी जागा आहे, ती जागा कोरी. बहिणीने २९ युरो भरून, आठव्या महिन्यात ऑफिसात रांग लावून मिळवलेलं ते पत्र फाईलमध्ये लावलेलंच नव्हतं. विचारलं तर उत्तर असं की हॉटेलवाला कागदांचा सेट आमच्याकडे तयार असतो, तो लवकर होतो, आणि फॅमिली व्हिजिट लिहिलं की ते लोक जास्त प्रश्न विचारतात.

शेवटच्या पानावर आई थांबली. "ही माझी सही नाही," म्हणाली. आई सही मराठीत करते. नाव, आडनाव, खाली एक रेघ आणि रेघेच्या खाली दोन टिंबं. हजेरीपटावर, दाखल्यांवर, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर तीच सही, पासपोर्टवर पण तीच. फॉर्मवर निळ्या पेनने इंग्लिशमध्ये झोकदार अक्षरात तिचं नाव लिहिलेलं होतं. बोटांचे ठसे द्यायला आई स्वतः व्हिसा सेंटरवर गेली होती, ठाण्याहून कुर्ला, कुर्ल्याहून पुढे रिक्षा, दोन तास बसून आली, फाईल तिच्याच हातात होती, पण "मावशी, सेट लावलेला आहे, उघडू नका, पानं इकडची तिकडे होतात" असं सांगितलं होतं म्हणून तिने ती उघडली नाही. सांगितलेलं ऐकायची सवय आहे तिला.

आता त्या सहीच्या वर काय छापलेलं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, रोज बघता. मी दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर आणि पूर्ण आहे, खोटी माहिती दिल्यास अर्ज फेटाळला जाईल किंवा दिलेला व्हिसासुद्धा रद्द होईल, आणि त्या देशाच्या कायद्याप्रमाणे माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची मला जाणीव आहे. हे सगळं माझ्या आईच्या नावाने कोणीतरी दुसऱ्याने कबूल करून टाकलं. तुमच्या दृष्टीने ती रोजच्या वीस फाईलींमधली एक सही असेल. पण पुढे काही निघालं तर त्याखाली नाव तिचं आहे, तुमच्या दुकानाचं कुठेच नाही. खरं तर ते असायला हवं, कारण शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या २९ देशांच्या सामायिक व्हिसाच्या, फॉर्ममध्ये अर्जदाराऐवजी दुसऱ्या कोणी फॉर्म भरला असेल तर त्याचं नाव पत्ता लिहायची जागा आहे, आणि अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा फॉर्ममध्ये सरळ प्रश्नच आहे की हा अर्ज भरायला कोणी मदत केली का. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांच्या फॉर्मवर तिथे "नाही" किंवा कोरं. अमेरिकेच्या फॉर्मवर तर शेवटचं साइन अँड सबमिटचं बटण मदत घेतली असली तरी अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं असा नियम आहे. आमच्या सोसायटीतल्या काकांनी ते बटण कधी पाहिलेलं नाही. त्यांना इंटरव्ह्यूच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळलं की फॉर्ममध्ये त्यांचा बिझनेस दाखवलाय. ते कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेत, समोरच्या ऑफिसरने काय बिझनेस करता विचारलं आणि काका गप्प उभे राहिले.

तुम्ही म्हणता की थोडं इकडे तिकडे लिहावं लागतं, सगळेच करतात. पण याची किंमत किती आहे ते क्लायंटला सांगता का? अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर कायमची बंदी लागू शकते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर १० वर्षं. शेंगेनमध्ये नकाराची नोंद त्यांच्या सिस्टिममध्ये ५ वर्षं राहते आणि तिथले सगळे २९ देश ती बघू शकतात. ज्या माणसाच्या मुली, नातवंडं तिकडे आहेत त्याच्यासाठी ही नोंद म्हणजे प्रत्येक पुढच्या अर्जात द्यावं लागणारं स्पष्टीकरण आहे. उलट बाजू पण बघा, एप्रिल २०२४ पासून युरोपियन युनियनने भारतीयांसाठी नियम सोपा केलाय, तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा जाता येणारा, व्हिसा मिळू शकतो आणि त्याच्यानंतर पाच वर्षांचा. माझ्या आईसारख्या आजीला याचा किती फायदा झाला असता, दर वर्षी नातवंडाला भेटायला जाऊन आली असती, आणि तिचं पहिलंच पान असं खराब झालं.

बँकेचं पण सांगते. एजंटने सांगितलं की आईच्या अकाउंटला बॅलन्स कमी आहे, दोन लाख आठवडाभर टाकून ठेवा. मी टाकले. आता ते स्टेटमेंट बघा कसं दिसतं, तीन महिन्यांचं. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन, मग दूधवाला, लाईटबिल, गॅस, औषधं, भिशीचे दोन हजार, आणि अचानक एका दिवशी दोन लाख. कोणीही समजून जाईल. आणि गंमत नाही, रडू येतं याचं, की बहिणीचं ते पत्र लावलं असतं तर आईच्या खात्यातल्या पैशांचा प्रश्नच फारसा उरत नव्हता, तिचा सगळा खर्च जर्मनीत पगार घेणाऱ्या मुलीने लेखी अंगावर घेतला होता. जो खरा कागद हातात होता तो ड्रॉवरमध्ये आणि जी बनवाबनवी लागतच नव्हती ती फाईलमध्ये.

डमी तिकिटाचं तेच. व्हिसा मिळायच्या आधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढायची सक्ती नसते, रिझर्व्हेशन चालतं, हे बरोबर. पण दोन दिवसांत रद्द होणारा पीएनआर लावायचा आणि क्लायंटला त्याचा पत्ताच नाही, वकिलातीने पंधराव्या दिवशी तपासलं तर तिकीट हवेत, हे चालत नाही. एअरलाइनकडून रीतसर होल्ड मिळतो, रिफंडेबल तिकीट मिळतं, महाग पडतं हे मान्य, पण मग क्लायंटला दोन्ही गोष्टी सांगा आणि ठरवू दे त्याला.

व्हिसा नाकारल्यावर मला "मॅडम काळजी करू नका, अपील टाकू, पाच हजार लागतील" असं सांगण्यात आलं. मी पैसे देणारच होते, रात्री सहज जर्मन परराष्ट्र खात्याची साइट उघडून वाचलं म्हणून वाचले. वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करायची जी सोय होती, रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे तिला, ती त्यांनी १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केलीय. आता एकतर बर्लिनच्या कोर्टात दाद मागायची नाहीतर नवीन अर्ज करायचा. म्हणजे जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिचे पाच हजार. कदाचित त्या माणसाला खरंच माहीत नसेल, मी वाईट हेतू धरत नाही, पण जो माणूस या कामाचे पैसे घेतो त्याला नियम बदललेला माहीत नको का? आणि हा बदल झाल्यावर तर पहिला अर्ज बिनचूक जाणं किती महत्त्वाचं झालंय.

पैशाचं एकदा बोलूनच टाकते. आमच्याकडून १८,५०० रुपये घेतले, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून, बिल नाही. शेंगेनची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, म्हणजे आत्ताच्या भावाने नऊ हजारांच्या वर, त्यात सेंटरचा सर्व्हिस चार्ज, ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स, आणि मग तुमची फी. तुमची फी पाच हजार असेल तर पाच हजार म्हणा, आम्ही देतो, कामाचे पैसे घेण्यात काही चूक नाही. पण आम्हाला एक आकडा सांगता आणि त्यात प्रीमियम लाउंज, एसएमएस, कुरिअर असं सगळं आत घालता जे ऐच्छिक असतं हे आम्हाला कोणी सांगत नाही. आमच्या भिशीच्या अकरा जणी थायलंडला गेल्या तेव्हा प्रत्येकीकडून डिजिटल अरायव्हल कार्डचे सहाशे रुपये घेतले, ते कार्ड थायलंड सरकारच्या साइटवर फुकट आहे, मे २०२५ पासून सुरू झालंय, दहा मिनिटांत भरून होतं. भरून देण्याची मजुरी म्हणून घेतले असते तर तसं म्हणायचं होतं, "गव्हर्नमेंट फी" म्हणून घेतले हे चुकीचं आहे. स्लॉटचं तर मी जास्त लिहीतच नाही. अपॉइंटमेंट आधी अडवून ठेवायच्या आणि मग गरजू माणसाला तीन चार हजारांना विकायच्या, ज्याचा बाप तिकडे आयसीयूत आहे त्याला पण, हे जे करतात त्यांनी ते आजच बंद करावं.

आणि ईमेल. आईच्या फॉर्ममध्ये ईमेल आयडी एजंटचा, मोबाईल नंबर एजंटचा. वकिलातीने एखादा कागद मागवला असता, एखादा प्रश्न विचारला असता तर तो आम्हाला कळलाच नसता. कदाचित विचारला पण असेल. ही एकच गोष्ट मला रात्री झोपताना आठवते.

सगळेच असे नाहीत हे मला माहीत आहे. चरईत एक ताई आहेत, दहा बाय दहाचं ऑफिस, मी नकारानंतर त्यांच्याकडे नुसती विचारायला गेले होते. त्यांच्या समोर एक आजोबा बसले होते आणि ताईंनी कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून ठेवली होती. एकेक प्रश्न मराठीत वाचत होत्या, "काका, आधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का, आठवून सांगा", काका आठवून सांगत होते, मग टाइप. नाव लिहिताना पासपोर्ट उघडा ठेवून एकेक अक्षर ताडून बघत होत्या, कारण आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्ये आलेलं असतं, आधारवर स्पेलिंग वेगळं आणि बँकेत तिसरंच. शेवटी प्रिंट काढून काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, घरी न्या, मुलाला दाखवा, उद्या सही करून आणा. पाऊण तास गेला एका माणसाला. मी विचारलं एवढा वेळ परवडतो का, तर म्हणाल्या माझे क्लायंट परत येतात. बाकी ठाण्यात हे का होऊ शकत नाही?

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि त्याला कुठला सरकारी जीआर लागत नाही. स्क्रीन आमच्याकडे फिरवा. फॉर्म भरून झाला की प्रिंट किंवा पीडीएफ आमच्या हातात द्या, आम्ही वाचल्याशिवाय तो पुढे जाऊ देऊ नका, इंग्लिश येत नसेल तर मराठीत वाचून दाखवा. ईमेल आणि मोबाईल आमचा टाका, लॉगिन पासवर्ड आमच्याकडे असू द्या. सही आम्हीच करू, थरथरत्या हाताने का होईना. फॉर्म भरणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लिहा, चांगलं काम केलं असेल तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि ज्याची केस कच्ची आहे त्याला सरळ सांगा की तुमची केस कच्ची आहे, "शंभर टक्के होऊन जाईल" असं कोणालाही सांगू नका कारण व्हिसा देणं तुमच्या हातात नाहीच.

तुमची गरज नाही असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. फॉर्म इंग्लिशमध्ये, सेंटर मुंबईत, नियम दर सहा महिन्यांनी बदलतात, मुलं परदेशात आणि इथे म्हातारी माणसं एकटी, त्यांना हाताला धरून कोणीतरी हवंच असतं. तुम्ही तो हात आहात असं समजूनच आई तुमच्या खुर्चीत येऊन बसली होती.

बहिणीचं बाळ झालं. मुलगी. आईने इथे बसून व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं. बाळंतविडा शिवून तयार होता, चार झबली, दोन टोपरी, तिच्या जुन्या इंदुरी साडीची दुपटी, ती बॅग अजून कपाटावर आहे. अळिवाचे लाडू टिकणार नाहीत म्हणून शेजारीपाजारी वाटले.

आता नवीन अर्ज मी स्वतः भरलाय. तीन रविवार गेले. हेतूच्या जागी नातेवाईकांना भेटणे, आमंत्रण देणाऱ्याच्या जागी बहिणीचं नाव, आणि कव्हरिंग लेटरमध्ये आधीचा नकार, तो फॉर्म कोणी भरला होता, त्यात काय चुकीचं होतं आणि सही आईची नव्हती हे सगळं स्पष्ट लिहिलंय. आईने पूर्ण फॉर्म माझ्याकडून मराठीत वाचून घेतला, दोन ठिकाणी मला थांबवून दुरुस्ती सांगितली, रिटायरमेंटची तारीख मी चुकवली होती. मग सही केली, रेघ आणि दोन टिंबं.

अपॉइंटमेंट येत्या अठरा तारखेची आहे. बहिणीचं ते ओरिजिनल पत्र सहा महिनेच चालतं आणि ते अजून त्या ऑफिसातच आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना हे वाचून कळेल. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी न्यायला येतेय, काढून ठेवा.

आपली,
पाचपाखाडीतली एक रहिवासी